मालनबाईंचं नख

कुंभार पिंपळगावच्या मालनबाई मुलासाठी मुलगी पाहायला गेल्या तेव्हा त्यांनी मुलीला ना शिक्षण विचारलं, ना स्वयंपाकाचं. "हात दाव" म्हणाल्या, तिचा उजवा अंगठा धरला आणि त्याच्या नखावरून आपलं बोट फिरवलं. नख रुंद होतं, जाड होतं. तिथल्या तिथे सुपारी फुटली. ती मुलगी म्हणजे त्यांची सून वंदना. हा किस्सा तिनंच मला हसत हसत सांगितला. मला मात्र हसू आलं नाही, कारण तोवर मी करायचं ते करून बसलो होतो.

मी भालचंद्र. जालन्याला विद्यापीठाच्या अभियांत्रिकी विभागात कार्यशाळेचा निदेशक आहे, म्हणजे मुलांच्या हातात कानस आणि करवत द्यायची आणि वर त्यांची बोटं शाबूत राहतील हेही बघायचं. बदनापूरहून रोज गाडीनं येतो-जातो. एकतीस वर्षं झाली. माझ्या कार्यशाळेत लोंबत्या बाह्या चालत नाहीत, अंगठ्या चालत नाहीत, मोकळे केस चालत नाहीत आणि वाढलेली नखं तर बिलकुल चालत नाहीत. टेबलाच्या वरच्या खणात नेलकटर असतो. नवी तुकडी आली की पहिल्या दिवशी मी एकेकाचे हात बघतो. पोरं माझ्या पाठीमागे मला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, आणि त्याचं मला काही वाटत नाही.

पण आधी मालनबाईंचं सांगतो.

त्यांचं माहेर भोकरदनकडचं. तिकडे कपाशीच्या बियाण्याचे प्लॉट आधी आले आणि मालनबाई लग्नाआधीच ते काम शिकल्या. काम असं, की दोन जातींची कपाशी शेजारी शेजारी लावायची. एकीला नर म्हणायचं, दुसरीला मादी. मादीच्या झाडावरची उद्या उमलणारी कळी आज दुपारी हेरायची. डाव्या हातात ती धरायची, उजव्या अंगठ्याच्या नखानं तिच्या बुडाशी गोल चीर द्यायची आणि पाकळ्यांसकट आतले पुंकेसर एका झटक्यात उपसून काढायचे. मागे उरतो हरभऱ्याएवढा कोवळा गाभा, ज्याचं पुढे बोंड होतं, आणि त्यावर उभी एक नाजूक काडी. तिच्यावर लाल कागदाची टोपी घालायची. दुसऱ्या दिवशी सकाळी टोपी काढून नराचं फूल त्या काडीवर फिरवायचं आणि देठाला दोरा बांधायचा. चीर खोल गेली तर गाभा दुखावतो आणि चार दिवसांत गळून पडतो. उथळ गेली तर पुंकेसर मागे राहतात, बियाण्यात भेसळ होते आणि कंपनी अख्खा प्लॉट बाद करते.

हे काम चाकूनं होत नाही, ब्लेडनं होत नाही. नखानंच होतं. मालनबाईंनी उजव्या अंगठ्याचं नख कधी कापलं नाही, दाराच्या दगडी पायरीवर घासून घासून त्याला तिरपी धार ठेवली. लग्न होऊन पिंपळगावात आल्या तेव्हा तिथे हे काम कुणालाच येत नव्हतं. पुढच्या तीस वर्षांत त्यांनी साठ-सत्तर बायांना शिकवलं. सणावाराला बाकीच्या बाया नखं रंगवायच्या, यांचा उजवा अंगठा तेवढा कोरा असायचा. प्लॉटवर देखरेख करणारे कंपनीचे लोक दर दोन-तीन वर्षांनी बदलायचे, पण जो नवा येई तो पहिल्यांदा मालनबाईंचं घर विचारत येई.

तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर सोयाबीनची मळणी चालू होती. मळणीयंत्राला तिकडे हडंबा म्हणतात. शेवटचा ढीग जरा ओला होता, तो तोंडाशी अडकला. त्यांचे यजमान कडूबा ट्रॅक्टर बंद करायला वळले तेवढ्यात बाईंनी तो हातानं आत रेटला. अंगठा गेला, शेजारची दोन बोटं गेली. करंगळी आणि तिच्याजवळचं बोट डॉक्टरांनी वाचवलं. शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिला प्रश्न काय विचारला, तर "सीझनला किती महिने ऱ्हायले?" हे मला कडूबांनी सांगितलं तेव्हा ते माझ्याकडे बघत नव्हते, गोठ्याकडे बघत होते.

पुढच्या सीझनला मालनबाई बांधावर बसल्या. टोळी वंदना चालवू लागली. बाई लाल टोप्या वाटायच्या, पाणी द्यायच्या. पहिल्या साली बाया एखादी कळी आणून दाखवायच्या, "मावशी, बराबर झालंय का बघा" म्हणायच्या. दुसऱ्या साली तेही कमी झालं, कारण वंदनाचा हात आता तयार झाला होता. कुणी मुद्दाम काही केलं नाही. पण मालनबाईंना पुन्हा ओळीत उतरायचं होतं, वाकून स्वतःच्या हातानं कळी सोलायची होती. त्याखेरीज त्यांना आयुष्याकडून दुसरं काही नको होतं, असं मी म्हटलं तर ते फार होणार नाही.

आता आमची पोरं. आमच्याकडे जैववैद्यकीय अभियांत्रिकी हा विषय शिकवत नाहीत. यंत्र आणि इलेक्ट्रॉनिक्स शाखेच्या नऊ जणांनी मिळून त्याचा एक गट काढला आणि शनिवारी दुपारी माझ्या कार्यशाळेत जमायला लागले. शरीराची यंत्रं कशी बनवतात त्याचे व्हिडिओ बघायचे, वाद घालायचे, चहा प्यायचे आणि पसारा टाकून जायचे. मी कुरकुरत कुलूप उघडायचो. गटाची म्होरकी श्रद्धा, काटकुळी, बोलायला लागली की थांबत नाही अशी. दुसरा अद्वैत, संगणकावर कुठलीही वस्तू काढून देणारा आणि हातात हातोडी दिली तर स्वतःचं बोट ठेचणारा. एका शनिवारी श्रद्धा म्हणाली, "सर, माझं आजोळ कुंभार पिंपळगाव. मामांच्या शेजारी एक मावशी आहेत, त्यांची बोटं गेलीत. आपण त्यांना हात करून देऊ या."

मी म्हणालो, "आधी सरळ भोक पाडायला शिका." पण त्या शनिवारी मी गाडी चुकवली आणि त्यांच्याबरोबर सात वाजेपर्यंत थांबलो.

जुलैच्या तिसऱ्या शनिवारी मालनबाई आल्या. सोबत कडूबा. बाई ठेंगण्या, कपाळावर मोठं कुंकू, उजवा हात पदराखाली. बेत असा होता, की त्यांच्या चांगल्या डाव्या हाताचा साचा घ्यायचा, त्यावरून संगणकात उजवा हात उलटा काढायचा आणि त्रिमितीय छपाईयंत्रावर प्लास्टिकची तीन बोटं छापायची. मनगट खाली वाकवलं की दोरे ताणले जाऊन अंगठा आणि दोन बोटं मिटणार. कल्पना उत्तम होती, आजही मी तेच म्हणेन.

सवयीनं मी डावा हात धरून पाहिला. अंगठ्याचं नख पाव इंच वाढलेलं, पिवळट, जाड, एका बाजूला तिरपं.

"एवढं नख? याच्यानं साचा फाटेल," मी म्हणालो.

खरं सांगायचं तर साचा फाटला नसता. जरा सांभाळून काढला असता तर काही झालं नसतं. पण मला नखं वाढलेली चालत नाहीत. बाईंनी हात किंचित मागे घेतला. माझ्याकडे पाहिलं, मग श्रद्धाकडे पाहिलं आणि हात पुढे केला. नख नेलकटरात बसेना, म्हणून मी पत्रा कापायची लहान कात्री घेतली आणि पार मुळाशी, मांसापर्यंत कापलं. चंद्रकोरीसारखा अख्खा तुकडा टेबलावर पडला. बाईंनी तो उचलला आणि पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवला. जुनी माणसं नखं इकडे तिकडे पडू देत नाहीत, तसलंच काही असेल असं मला वाटलं. "चला, हात धुऊन या," मी म्हणालो.

दोन आठवड्यांत हात तयार झाला. अद्वैतनं अंगठ्याच्या टोकाला मऊ रबर बसवलं होतं, वस्तू निसटू नये म्हणून. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात विद्यापीठाचं प्रदर्शन होतं. मालनबाईंनी तिथे त्या हातानं पाण्याचा पेला उचलला. पेन धरून सही केली. पाहुण्यांना नमस्कार केला. टाळ्या पडल्या, पोरांना पहिलं बक्षीस मिळालं, श्रद्धा रडली. परीक्षकांनी विचारलं, "मावशी, कसं वाटतंय?"

"चांगलं हाये की. लेकरांनी लय मेहनत केली."

प्रदर्शनाच्या अर्जावर एक रकाना होता, 'वापरणारी व्यक्ती समाधानी आहे का?' मी 'होय' वर खूण केली आणि मार्गदर्शक म्हणून खाली सही ठोकली. पेला धरलेल्या मालनबाईंचा तो फोटो अजून आमच्या विभागाच्या भिंतीवर आहे.

आठवड्यानं विभागातून निरोप आला, की बाई घरी हात वापरत असतानाचे फोटो पाहिजेत. श्रद्धा आणि मी पिंपळगावला गेलो. घरात पाहतो तर हात खोक्यातच होता. वर पारदर्शक कागदसुद्धा तसाच. फळीवर, देवांच्या शेजारी ठेवलेला. माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "मालनबाई, पोरांनी सुट्ट्या घालवल्या याच्यावर. तुम्ही एकदासुद्धा घातला नाही? मग नको होता तर सांगायचं तरी!"

श्रद्धा मला थांबवू बघत होती. बाईंनी फळीवरून खोकं उतरवलं, हात मनगटाला बांधला आणि म्हणाल्या, "चला."

प्लॉट घरामागेच होता. बाया ओळीत वाकून काम करत होत्या. झाडोझाडी लाल टोप्या दिसत होत्या. मालनबाई एका झाडापाशी वाकल्या, डाव्या हातात कळी धरली, मनगट वाकवलं. रबरी अंगठा कळीवर दाबला गेला, घसरला, कळी चेंगरली. दुसरी घेतली. तीही चेंगरली. तिसरीला हात न लावता त्या उभ्या राहिल्या.

"याला नख न्हाई, सर," त्या म्हणाल्या. "गिलास मी डाव्या हातानं बी धरते."

श्रद्धानं विचारलं, "मावशी, मग तुम्ही आम्हाला आधी का नाही सांगितलं?"

"सांगायचं काय त्यात? सर माझं नख कापून राह्यले, मंग मला वाटलं तेच नख तिकडं बसवायचं आसंल. न्हाईतर कशाला कापत्याल? तुमी मागाल म्हणून जपून ठेवलं मी. तुमी मागितलंच न्हाई."

मला तरीही नीट उलगडा झाला नव्हता. तो वंदनानं केला. ती दोन ओळी सोडून काम करत होती, कंबर सरळ करून आमच्याजवळ आली आणि लग्नाच्या वेळचा तो अंगठ्याचा किस्सा सांगून झाल्यावर म्हणाली, "सर, आत्याबाईंनी ते डाव्या हाताचं नख दोन साल वाढवल्तं. मागं परसात भेंडी लावली. भेंडीचं फूल कपाशीसारखंच ऱ्हातं ना, त्याच्यावर रोज डाव्या हातानं शिकून राह्यल्या होत्या. उजव्या हाताच्या दोन बोटांत कळी धरायची आन डाव्या नखानं सोलायची. या साली बराबर जमाया लागल्तं. हरिओमदादा एक ओळ देतो म्हणाले होते." हरिओम म्हणजे कंपनीचा देखरेखीवरचा माणूस. "पंधरा दिवस राह्यले होते सीझनला, आन या जालन्याहून आल्या त्या नख कापून."

मी तिथे, त्या कपाशीत, उन्हात उभा होतो. एकतीस वर्षं मी हाताची कामं शिकवतो. हाताची किंमत मला कळते अशी माझी घमेंड होती. एका बाईनं दोन वर्षं खपून घडवलेलं हत्यार मी पत्र्याच्या कात्रीनं कापलं होतं आणि वर तिलाच हात धुवायला पाठवलं होतं. मला एवढी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. माफी मागायला तोंड उघडलं तर शब्द आले ते असे, "परत वाढायला किती दिवस लागतील?"

"दोन महिने. मंग धार धरायला आणखी. तवर फुलं संपत्यात."

घरी आल्यावर त्यांनी देवापुढची हळदीकुंकवाची लहान डबी काढली. कुंकवात तो तुकडा होता, मी कापलेला. फडक्यानं पुसून त्यांनी तो माझ्या तळहातावर ठेवला.

"या मापाचं करा," म्हणाल्या. "आजून महिनाभर फुलं हायेत. पण जल्दी करा."

फोटो कुणी काढला नाही.

पुढचे आठ दिवस मी शनिवारची वाट पाहिली नाही. अद्वैतनं नख छापलं. ते श्रद्धानं नेऊन दाखवलं, कळीवर वाकलं. मी करवतीच्या पात्याचा तुकडा घासून पोलादी नख केलं. त्यानं पहिल्याच कळीचा गाभा आरपार चिरला. पितळेचं केलं, त्याची धार संध्याकाळपर्यंतही टिकली नाही. नखाला धार हवी, पण लवही हवी. कठीण हवं, पण कोवळ्या गाभ्यापाशी गेल्यावर जरा माघार घेणारं हवं. असली वस्तू माझ्या साहित्याच्या कपाटात नव्हती.

पोळ्याच्या आदल्या दिवशी पितळेचं नख परत आणायला मी एकटाच गेलो. गावात ट्रॅक्टर घरोघर आहेत, पण कडूबांनी एक बैलजोडी ठेवली आहे. अंगणात ते बैलांची शिंगं साळत होते. त्यातल्या एकाच्या, पाखऱ्याच्या, शिंगाला टोकावर चढवायची पितळेची शेंबी बसत नव्हती म्हणून टोकाचा बोटभर तुकडा त्यांनी करवतीनं उतरवला होता आणि उरलेलं टोक कानशीनं घासत होते. घासताना वास आला. माझ्या ओळखीचा वास. कार्यशाळेत एखाद्या पोराचं नख सहाणेच्या चाकाला लागतं तेव्हा असाच वास येतो.

मी तो तुकडा उचलला. टोकाकडचा, भरीव, काळपट, कडेला पिवळी झाक.

"हे घेऊ का?" मी विचारलं.

कडूबांनी बैलाच्या मानेवर हात ठेवला. "घ्या ना. घरचंच हाये," म्हणाले.

कार्यशाळेत न्यायला मला धीर नव्हता. त्यांचीच करवत, त्यांचीच कानस घेतली आणि दारातल्या दगडी पायरीवर बसलो. मालनबाईंनी वर्षानुवर्षं नख घासून त्या दगडाला एक खळगी पडलेली होती. खिशातला त्यांच्या नखाचा तुकडा समोर ठेवून मी शिंगाचं नख घडवायला लागलो. खांदमळणीची वेळ झाली, कडूबांनी बैलांच्या खांद्यांना लोणी-हळद लावली, वंदनानं औक्षण केलं, मी उठलो नाही. दिवस मावळायच्या आत नख झालं. अंगठ्याच्या रबरात खाच पाडून मी ते दोन बारीक स्क्रूंनी बसवलं. बाईंनी ते गालावर घासून पाहिलं आणि मान हलवली.

पोळ्याच्या दिवशी कामाला सुट्टी. त्यानंतरच्या दुपारी त्या ओळीत उतरल्या. हरिओमनं बांधाकडची एक ओळ दिली होती, अटीवर. त्यांच्या कळ्यांना लाल टोपी असली तरी दोरा पिवळा बांधायचा, म्हणजे भेसळ दिसली तर तेवढी ओळ उपटता येईल. मालनबाईंनी पिवळ्या दोऱ्याचं रीळ कमरेला खोचलं. पहिल्या दिवशी चाळीस कळ्या झाल्या. पूर्वी त्या दिवसाला सातशे करायच्या. पोळ्यापासून आजोळी राहिलेल्या श्रद्धानं फोनवरून मला चाळीस टोप्यांचा फोटो पाठवला आणि मी तो गाडीत शेजारच्या अनोळखी माणसाला दाखवला.

पाचव्या दिवशी तिचा फोन आला. मी अर्धी रजा टाकून गेलो. ओळीखाली पिवळे दोरे बांधलेले गाभे गळून पडले होते. पहिल्या दिवसाचे चाळीसच्या चाळीस. मालनबाई वाकून ते एकेक वेचत होत्या आणि पदरात टाकत होत्या. मी जवळ गेलो तरी त्यांनी वर पाहिलं नाही.

"नख बराबर लागतंय, सर," त्या म्हणाल्या. "पण कुठवर गेलं ते मला कळत न्हाई. माझा अंगठा मला सांगायचा. हा सांगत न्हाई."

पुस्तकात स्पर्श कळणाऱ्या हातांवर प्रकरणं आहेत, ती श्रद्धानं वाचली होती, पण ती वाचून पिंपळगावच्या प्लॉटवर चार दिवसांत काय करता येणार? मी म्हणालो, "राहू द्या आता, मालनबाई. पुढच्या साली तुमचं नख वाढेलच."

त्यांनी मान वर केली. "तुमी राहू द्या म्हणू नका. तुमी तर बिलकुल म्हणू नका."

मग त्या खाली मातीतच बसल्या. उजव्या हाताचं उरलेलं बोट, करंगळीशेजारचं, त्या एका कळीच्या बुडाशी टेकवून बसल्या, बराच वेळ. डाव्या हातानं तो नकली अंगठा धरून आत, त्या बोटाकडे, ओढून बघत होत्या. प्लास्टिक करकर वाजत होतं.

"हा असा सरळ कशाला केलाय?" त्यांनी विचारलं.

"माणसाचा अंगठा तसाच असतो, मावशी," श्रद्धा म्हणाली.

"मला माणसाचा कशाला पाहिजे? माझा पाहिजे. हा आत वळवा, पार या बोटावर आणून टेकवा. कळी मधी धरते. नखानं चीर दिली की या बोटाला कळंल, हे बोट जित्तं हाये."

अद्वैतनं तीन दिवसांत अंगठा नव्यानं केला. वाकडा, आखूड, तळहातात घुसलेला, बघायला ओंगळ. त्या हातानं पेला धरता येत नाही, सही करता येत नाही, नमस्कार तर नाहीच नाही. सप्टेंबर लागला होता. मालनबाई पुन्हा चाळीस कळ्यांपासून सुरू झाल्या. मग साठ. मग एके दिवशी शंभर. वंदना सांगते, की त्या दिवसांत त्या कुणाशी बोलत नव्हत्या, जेवताना सुद्धा डोळे मिटून ते एक बोट अंगठ्यावर घासत असायच्या.

महिन्याच्या वीस तारखेला कंपनीनं प्लॉट बंद केला. बंद करतात म्हणजे झाडांवरच्या उरलेल्या सगळ्या कळ्या आणि फुलं तोडून टाकतात, तिथून पुढे एकही नवं बोंड धरू देत नाहीत. आठवड्यानंतर हरिओम बांधाकडची ओळ तपासायला येणार होता, म्हणून मी आणि श्रद्धाही गेलो. एकेका झाडाशी थांबून तो बोंड फिरवून बघायचा, बुडाशी पुंकेसराचा काही अवशेष राहिलाय का ते भिंग लावून बघायचा. आम्ही पाठोपाठ चाललो. मालनबाई ओळीच्या टोकाला उभ्या होत्या, दोन्ही हात पदराखाली घेऊन. पहिल्या काही झाडांवर पिवळा दोरा एकही नव्हता. मग दिसायला लागले. एक, दोन, मग झाडाला सहा-सात. हिरवी, टणक, लिंबाएवढी बोंडं, देठाला पिवळा दोरा.

हरिओमनं ओळ संपवली. "चारशे अकरा धरलेत, मावशी. भेसळ न्हाई," तो म्हणाला आणि दुसऱ्या ओळीकडे गेला.

मला वाटलं बाई रडतील. श्रद्धा रडतच होती. मालनबाई मात्र शेवटच्या झाडापाशी गेल्या, एक बोंड डाव्या हातात धरलं आणि टोळीकडे बघून हाक मारली, "वंदे, इकडं ये. बराबर झालंय का बघ गं."

वंदना धावत आली. तिनं बोंड हातात घेतलं, त्याच्या बुडाशी आपल्या अंगठ्याचं नख हळूच फिरवलं. तीस वर्षं जे सासूबाईंनी इतरांचं तपासलं, ते तिनं त्यांचं तपासलं. "बराबर हाये, आत्याबाई," ती म्हणाली, आणि मग दोघींनाही राहवलं नाही. बाकीच्या बाया भोवती गोळा झाल्या. मी बांधावर जाऊन बसलो.

त्यांच्या नखाचा तुकडा मी एका लहान डबीत ठेवला होता, निघताना ती खिशातून काढली. तो तुकडा इतके दिवस मापासाठी माझ्याकडेच होता. शिंगाचं नख झालं होतं, आता त्यांची वस्तू त्यांना द्यायला हवी होती. शिवाय त्या दिवशी कपाशीत राहून गेलेली माफी मागायची होती. मी म्हणालो, "मालनबाई, त्या दिवशी मी चुकलो. तुम्हाला विचारायला हवं होतं."

"हो, चुकलेच तुमी," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, पण समजूत घालणंही नव्हतं. डबी त्यांनी घेतली नाही, माझी बोटं तिच्यावर मिटवली, त्या वाकड्या अंगठ्यानं आणि त्या जित्या बोटानं. "ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं. शिंगाचं हाये, साल-दोन सालात झिजंल. कापलं तुमी, तवा दर बारीला करायचं बी तुमीच."

पोरांनी तो वाकडा हात हिवाळ्यातल्या दुसऱ्या एका स्पर्धेला पाठवला. निवड झाली नाही. मानवी हाताशी साम्य कमी, असा शेरा आला. भिंतीवरचा पेल्याचा फोटो तसाच आहे, आणि मी सही केलेला तो अर्जही कुठल्यातरी फायलीत असेलच.

येत्या मे महिन्यात मी निवृत्त होतोय. टेबलाचे खण आवरायला घेतलेत. डबी वरच्या खणात आहे. पाखऱ्याच्या शिंगाचा राहिलेला तुकडा कडूबांनी श्रद्धाच्या हाती पाठवला, तोही तिथेच. एक बारीक कानस मी विकत आणून बदनापूरला घरी ठेवली आहे.